पुण्यातील घराच्या नोंदी कशा शोधाव्यात आणि मिळकतकरातील चाळीस टक्के सवलत कशी मिळवावी

पुण्यात घर विकत घेताना किंवा आईवडिलांचे घर आपल्या नावावर करून घेताना घरातले वडीलधारे हमखास विचारतात, "कागद स्वच्छ आहेत ना?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका कचेरीत मिळत नाही. एकाच घराची नोंद तीन निरनिराळ्या ठिकाणी, तीन निरनिराळ्या क्रमांकांनी आणि तीन निरनिराळ्या हेतूंनी ठेवलेली असते. व्यवहाराचा दस्त दुय्यम निबंधकाकडे असतो, जमिनीचा हक्क नगर भूमापन कार्यालयाच्या मालमत्ता पत्रकावर ('प्रॉपर्टी कार्ड') किंवा सातबाऱ्यावर असतो आणि कराची आकारणी महापालिकेच्या करआकारणी व करसंकलन विभागाकडे असते. एका ठिकाणी नाव बदलले म्हणून उरलेल्या दोन ठिकाणी ते बदलले असेल, असे गृहीत धरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी मिळकतकर सवलतसुद्धा या नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही यावर अवलंबून असते, म्हणून शोध आणि सवलत या दोन्ही गोष्टी येथे एकत्र मांडल्या आहेत.

शोध सुरू करण्यापूर्वी : गावाचे नाव आणि क्रमांक

संगणकासमोर बसण्याआधी घराचा सरकारी पत्ता शोधून काढावा लागतो. टपालाचा पत्ता येथे फारसा उपयोगी पडत नाही. नोंदणी आणि भूमी अभिलेख या दोन्ही खात्यांत पुणे शहर आजही पेठा आणि जुनी गावे यांच्या नावांनीच ओळखले जाते. शिवाजीनगर परिसरातील मिळकत 'भांबुर्डा' या नावाखाली सापडते, सहकारनगरचे घर 'पर्वती'त, लॉ कॉलेज रस्त्यावरचे घर 'एरंडवणे' येथे आणि मगरपट्टा सिटीतील सदनिका 'हडपसर'मध्ये शोधावी लागते. आमच्या घराची जुनी नोंद शोधताना मी स्वतः वसाहतीच्या नावाचे गाव यादीत धुंडाळत एक पूर्ण संध्याकाळ घालवली होती. करारनाम्यातील 'मिळकतीचे वर्णन' हे परिशिष्ट आधी वाचले असते, तर तो वेळ वाचला असता. त्या परिशिष्टात 'मौजे' या शब्दापुढे जे नाव येते, तेच यादीत निवडायचे असते.

क्रमांकाचेही असेच आहे. पेठांमध्ये आणि जुन्या भागात नगर भूमापन क्रमांक असतो, ज्याला बोलीत 'सिटी सर्व्हे नंबर' म्हणतात. नगररचना योजना राबवलेल्या भागात 'फायनल प्लॉट नंबर' असतो, तर उपनगरांत व नंतर समाविष्ट झालेल्या गावांत सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली, आणि अशा भागांत अनेक मिळकतींची ओळख अजून सातबाऱ्यावरूनच पटवावी लागते. एकाच जमिनीला जुना आणि नवा असे दोन क्रमांक असणे नेहमीचेच आहे. ते दोन्ही लिहून घ्यावेत आणि शोधही दोन्ही क्रमांकांनी घ्यावा.

पहिली नोंद : नोंदणीकृत दस्त आणि सूची क्रमांक दोन

नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक एक आणि त्याच्या सूची विहित शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. त्यासाठी तुम्ही मालक असण्याची किंवा कारण सांगण्याची गरज नाही. सूची क्रमांक एक पक्षकारांच्या नावांनुसार असते, तर सूची क्रमांक दोन मिळकतीनुसार. व्यवहारात ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात, ती हीच दुसरी सूची होय.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची विनाशुल्क सोय आहे. तेथे दोन प्रकारे शोध घेता येतो : मिळकतीनुसार आणि दस्त क्रमांकानुसार. मुंबई व उपनगरांच्या नोंदी तेथे १९८५ पासून आणि राज्याच्या उर्वरित भागाच्या नोंदी साधारणपणे २००२ पासून मिळतात. मिळकतीनुसार शोध घेताना वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक भरावा लागतो. एका वेळी एकच वर्ष निवडता येत असल्याने वीस वर्षांचा शोध म्हणजे वीस वेळा तोच अर्ज भरणे होय. हे काम कंटाळवाणे असले तरी मधले वर्ष गाळू नये, कारण नेमके त्याच वर्षी गहाणखत झालेले असू शकते.

ही प्रणाली तुम्ही दिलेला अंक मिळकतीच्या वर्णनात जिथे जिथे आढळतो तिथून दस्त उचलते. त्यामुळे सर्व्हे नंबर २५ शोधला असता सदनिका क्रमांक २५ चे दस्तही समोर येतात. निकालातील प्रत्येक ओळीचे वर्णन वाचून आपल्या इमारतीचे दस्त वेगळे करावे लागतात. उलट बाजूने असेही होते की दस्त करताना इमारतीचे नाव चुकीचे लिहिलेले असते किंवा केवळ फायनल प्लॉट नंबर दिलेला असतो, आणि मग सर्व्हे नंबरने शोध घेतल्यास तो दस्त दिसतच नाही. 'काहीही आढळले नाही' याचा अर्थ 'काहीही घडले नाही' असा कधीच लावू नये.

दस्त क्रमांक हाती असेल तर काम सोपे होते. पुण्यातील दस्तांच्या क्रमांकाआधी 'हवल' आणि पुढे कार्यालयाचा अंक असतो. हवेली तालुक्यातील त्या क्रमांकाच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवला गेला, असा त्याचा अर्थ आहे. शहरात अशी अनेक सह दुय्यम निबंधक कार्यालये आहेत आणि घर एका टोकाला व नोंदणी दुसऱ्या टोकाला, असे सर्रास घडते. त्यामुळे कार्यालयाचा अंक अचूक भरणे आवश्यक आहे.

सूची क्रमांक दोन हाती आल्यावर ती वरपासून खालपर्यंत वाचावी. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन व घरक्रमांक, क्षेत्रफळ, लिहून देणार, लिहून घेणार, दस्त करून दिल्याचा आणि नोंदल्याचा दिनांक, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि शेवटी शेरा, असा तिचा क्रम असतो. यातील विलेखाच्या प्रकारावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. करारनामा आणि खरेदीखत एक नव्हेत. हक्कसोडपत्र दिसले तर हक्क सोडणारे सर्व वारस त्यात आहेत का, ते मोजावे. चूकदुरुस्तीपत्र दिसले तर मूळ दस्त काढून नेमके काय दुरुस्त केले ते पाहावे. क्षेत्रफळ चटई आहे की बांधीव आहे तेही टिपून ठेवावे, कारण पुढे महापालिकेच्या आकारणीशी ते ताडून पाहायचे आहे.

पुण्याच्या बाबतीत आणखी एक भेद फार महत्त्वाचा आहे. येथे सहकारी गृहरचना संस्थांइतक्याच 'अपार्टमेंट' प्रकारच्या इमारतीही आहेत, ज्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम १९७० खाली येतात. अशा इमारतीत आधी घोषणापत्र नोंदवले जाते आणि नंतर प्रत्येक सदनिकेचे 'डीड ऑफ अपार्टमेंट' होते. केवळ बिल्डरशी झालेला करारनामा दाखवून कोणी सदनिका विकत असेल, तर डीड ऑफ अपार्टमेंट झाले आहे का, हे शोधात स्वतंत्रपणे तपासावे. संस्थेच्या इमारतीत त्या जागी सभासदाचे भागपत्र ('शेअर सर्टिफिकेट') पाहावे लागते.

कर्जाची नोंदही येथेच दिसू शकते. मूळ दस्त बँकेकडे ठेवून घेतलेल्या कर्जाची पूर्वी कोठे नोंदच होत नसे. नोंदणी अधिनियमात कलम ८९ ब समाविष्ट झाल्यानंतर, १ एप्रिल २०१३ पासून कर्जदाराने अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दाखल करणे बंधनकारक झाले. शोधात 'नोटीस ऑफ इंटिमेशन' असा प्रकार दिसला तर त्या घरावर कर्ज घेतलेले आहे, असे समजावे आणि कर्ज फिटले असल्यास बँकेचा बेबाकी दाखला मागावा. तारणाच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे 'सरसाई'मध्येही थोडे शुल्क भरून वेगळा शोध घेता येतो. २०१३ पूर्वीच्या कर्जासाठी तो आणि मूळ दस्त प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणे, हे दोन्ही करावेच.

२००२ पूर्वीच्या नोंदींसाठी कार्यालयात जाऊन शुल्क भरून जुन्या सूचीची पुस्तके पाहावी लागतात. वकील सहसा मागील ३० वर्षांचा शोध घेऊन अहवाल देतात. घर खरेदीचा व्यवहार असेल तर हा भाग वकिलांकडूनच करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अलीकडच्या वीसएक वर्षांचा शोध स्वतः घेतलेला असला की वकिलांना नेमके प्रश्न विचारता येतात आणि त्यांचा अहवाल डोळसपणे वाचता येतो.

दुसरी नोंद : मालमत्ता पत्रक किंवा सातबारा

राज्याच्या भूमी अभिलेखांच्या 'महाभूलेख' या संकेतस्थळावर पुणे विभाग, जिल्हा, कार्यालय आणि गाव निवडून नगर भूमापन क्रमांकाने मालमत्ता पत्रक पाहता येते. तेथे दिसणारी प्रत माहितीपुरती असते. कायदेशीर कामासाठी डिजिटल स्वाक्षरीची प्रत शुल्क भरून घ्यावी. सातबाऱ्याच्या अशा प्रतीला १५ रुपये पडतात.

मालमत्ता पत्रकावर वरच्या भागात क्षेत्र, सत्ताप्रकार आणि हक्काचा मूळ धारक असतो व त्याखाली तारखेनुसार फेरफार नोंदवलेले असतात. नवीन नावापुढे 'धा' असेल तर तो धारक, 'प' असेल तर पट्टेदार आणि 'इ' असेल तर तो इतर भार होय. सत्ताप्रकाराच्या रकान्यात 'ब' आढळल्यास थांबावे, कारण अशी जमीन शासनाने अटींवर दिलेली असते आणि तिच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मृत्युपत्राने किंवा वारसाने आलेला हक्क दस्तांच्या शोधात दिसेलच असे नाही, कारण मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. तो बहुधा या पत्रकावरील वारस फेरफारातच सापडतो.

सदनिकाधारकांनी पत्रकावर स्वतःचे नाव नाही म्हणून घाबरून जाऊ नये. इमारतीच्या जमिनीचे पत्रक संस्थेच्या नावावर असावे लागते, आणि तेही अभिहस्तांतरण ('कन्व्हेयन्स', म्हणजे जमीन संस्थेच्या नावे करून देणारा दस्त) झाल्यावरच. कित्येक जुन्या इमारतींच्या पत्रकांवर आजही मूळ जमीनमालकाचे नाव आहे. बिल्डर किंवा जमीनमालक सहकार्य करत नसेल तर सदनिकांच्या मालकीविषयीच्या १९६३ च्या 'मोफा' कायद्याच्या कलम ११ खाली संस्थेला मानीव, म्हणजे त्यांच्या सहकार्याविना होणाऱ्या, अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. पुनर्विकासाचा विषय निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम आधीच मार्गी लावलेले बरे.

तिसरी नोंद : महापालिकेचे मिळकतकर खाते

महापालिकेच्या मिळकतकर संकेतस्थळावर विभाग, पेठ आणि खाते क्रमांक भरल्यावर त्या मिळकतीचे देयक व थकबाकी दिसते. जुने घर घेताना थकबाकी तपासणे अनिवार्य समजावे, कारण महापालिका वसुलीसाठी मिळकतीकडेच पाहते. थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते, त्यामुळे काही वर्षांतच ती मुद्दलाच्या जवळ जाऊन पोहोचते.

देयकावरील नाव हा मालकीचा पुरावा नाही. कर कोणाकडून वसूल करायचा एवढेच ते सांगते. तरीही ते नाव बदलून घेणे आवश्यक आहे. खरेदीनंतर तीन महिन्यांत हस्तांतरणाची सूचना महापालिकेला द्यावी, असे कराधान नियमांत म्हटले आहे. अर्जासोबत सूची क्रमांक दोन, दस्ताची प्रत आणि कर भरल्याची पावती जोडावी लागते. नावाखेरीज देयकावर वापराचा प्रकार, आकारणीचा दिनांक, क्षेत्र आणि वार्षिक करपात्र रक्कम या चार गोष्टी तपासाव्यात. दस्तातील क्षेत्र आणि आकारणीचे क्षेत्र यांत मोठा फरक असेल तर लेखी अर्ज देऊन फेरमोजणी मागता येते.

स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत

पुणे महापालिकेने १९७० मध्ये ठराव करून, मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीचे वाजवी भाडे ६० टक्केच धरावे, असे ठरवले. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर राज्य शासनाने ही सवलत काढून घेतली आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण दराची देयके गेली. पुणेकरांचा विरोध वाढत गेला, लोकप्रतिनिधींनीही प्रश्न लावून धरला आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा सुरू केली. मधल्या काळात जादा भरलेली रक्कम पुढच्या देयकांतून वळती करण्याचे ठरले. मात्र एक गोष्ट बदलली : ज्या घरांना सवलत लागू नव्हती किंवा ज्यांच्या सवलतीची नोंद तपासणीत काढली गेली होती, त्यांना ती मिळवण्यासाठी 'पीटी-३' हा अर्ज भरणे आवश्यक ठरले.

या सवलतीचा आवाका एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या सदनिकेचे वार्षिक भाडे ५०,००० रुपये धरले आहे. देखभाल-दुरुस्तीची १० टक्के वजावट जाता करपात्र रक्कम ४५,००० रुपये होते. तेच घर स्वनिवासी असेल तर भाडे ३०,००० रुपये धरले जाते आणि करपात्र रक्कम २७,००० रुपयांवर येते. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशा अनेक बाबी याच रकमेवर टक्केवारीने लागत असल्याने, पायाच कमी झाला की त्या सगळ्याच उतरतात. म्हणून ही सवलत इतर कोणत्याही सवलतीपेक्षा मोठी आहे आणि ती पदरात पडली आहे की नाही हे प्रत्येक घरमालकाने पाहिलेच पाहिजे.

अर्ज करण्यापूर्वी आपली सवलत आधीपासून चालू आहे का, हे देयकावरून तपासावे. ती चालू असेल तर पुन्हा अर्ज करण्याचे कारण नाही. नसेल तर संकेतस्थळावरून किंवा क्षेत्रीय कार्यालयातून पीटी-३ घ्यावा. २०२३ मध्ये त्यासाठी २५ रुपये शुल्क ठेवले होते. अर्जासोबत मालक स्वतः तेथे राहतो असे संस्थेचे किंवा अपार्टमेंटचे पत्र आणि त्याच पत्त्याचा पुरावा जोडायचा असतो. मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका किंवा गॅसचे कार्ड यासाठी चालते. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या करदेयकाची प्रतही द्यावी लागते. ती लपवू नये. तुमच्या नावावरची दुसरी मिळकत महापालिकेच्याच दप्तरात असते.

तीन नोंदी जुळण्याचे महत्त्व येथे कळते. देयकावर अजून जुन्या मालकाचे नाव असेल आणि पत्त्याचा पुरावा तुमच्या नावाचा असेल, तर 'मालक स्वतः राहतो' हे सिद्ध होत नाही. म्हणून नावाच्या हस्तांतरणाचा अर्ज आधी किंवा सोबतच द्यावा. ओळखपत्रावर भाड्याच्या जुन्या घराचा पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्यावा. संस्थेच्या पत्रातील सदनिका क्रमांक, दस्तातील क्रमांक आणि देयकातील क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. 'बी-१२' आणि '१२-बी' एवढ्या फरकानेही अर्ज अडू शकतो. अर्जाची पोहोच आवक क्रमांकासह घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

घर भाड्याने दिले की या सवलतीचा हक्क संपतो. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचे आहे, आणि असा दस्त '३६-अ लिव्ह अँड लायसन्स' या प्रकाराने त्याच सार्वजनिक शोधात कोणालाही दिसतो. नोकरीनिमित्त बंगळुरूला किंवा परदेशी गेलेल्यांनी पुण्यातील सदनिका भाड्याने दिली असेल, तर महापालिकेला तसे आपणहून कळवावे. परत येऊन राहू लागल्यावर नवा पीटी-३ भरता येतो. तपासणीत पकडले गेल्यास मागील फरक शास्तीसह भरावा लागण्याची वेळ येते, आणि तो भुर्दंड सवलतीपेक्षा मोठा असू शकतो.

इतर सवलती

सौरऊर्जा, पर्जन्यजल संचय आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असल्यास ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सूट मिळते, पण ती केवळ सर्वसाधारण करात. बंद पडलेल्या प्रकल्पांची सूट तपासणीनंतर रद्द केली जाते, म्हणून गच्चीवरील यंत्रणा खरोखर चालू आहे का, हे संस्थेने पाहावे. माजी सैनिक आणि शहिदांच्या पत्नींना राज्याच्या सन्मान योजनेखाली एका घराच्या मिळकतकरात माफी आहे. तिच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. देयक मुदतीत, साधारणपणे ३१ मेपर्यंत, भरल्यास घरांना सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट देण्याची पद्धत आहे. काही वर्षी ही मुदत वाढवली गेली आहे.

मुंबईचे नातेवाईक ज्या माफीविषयी सांगतात ती वेगळी आहे. तेथे १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना मालमत्ता कर माफ झाला. तो निर्णय बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरता आहे. पुण्यात लहान घराला क्षेत्रफळाच्या आधारे तशी माफी मागता येत नाही.

नवे देयक आल्यावर

पीटी-३ मंजूर झाल्याचे वेगळे पत्र येण्याची वाट पाहू नये. एप्रिलनंतर नवे देयक निघाले की वार्षिक करपात्र रक्कम मागच्या देयकाशेजारी ठेवून पाहावी. ती ४० टक्क्यांनी उतरली असेल तर सवलत लागली आहे. उतरली नसेल तर आवक क्रमांकाची पोहोच, दोन्ही देयके आणि पत्त्याचा पुरावा घेऊन आपल्या पेठेच्या निरीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा. तेथेही उत्तर न मिळाल्यास, १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने आपल्या पीटी-३ वर कोणत्या तारखेला कोणता शेरा मारला गेला, त्याची प्रत मागावी. अडचण नेमकी कोणत्या कागदाची आहे, हे बहुधा त्या शेऱ्यावरूनच कळते आणि तो कागद पुन्हा दाखल करता येतो.